पूर्वज हवेत, पण कुलीन!

आम्हां मराठी माणसांना पूर्वजांचे मोठे वेड आहे. मात्र ते पूर्वज घोड्यावर बसलेले, कमरेला तलवार लावलेले आणि जमल्यास एखाद्या सनदेत नाव आलेले असावेत, अशी आमची अट असते. ज्याची सनद नाही, ज्याचा वाडा नाही, ज्याने मागे फक्त मडकी, कुऱ्हाडी आणि दगडांचे एक रिंगण ठेवले, त्याला पूर्वज म्हणायला आमची जीभ रेटत नाही. त्याला आम्ही ‘कोणीतरी’ म्हणतो आणि पुढे जातो. आजचा हा लेख त्या ‘कोणीतरी’च्या वतीने लिहिला आहे. ऐन दिवाळीत थडग्यांचा विषय काढला म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी रागावू नये. धनत्रयोदशीला आपण यमासाठीही दिवा लावतोच की! मग यमाने नेलेल्यांची आठवण काढली तर बिघडले कुठे?

मी पुराणवस्तुशास्त्री नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मास्तरकी करणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा अमळनेरचा माणूस आहे. पण वर्गात ‘पिरॅमिड कुठे आहेत?’ असे विचारले की सगळे हात वर होतात, आणि ‘जुनापाणी कुठे आहे?’ असे विचारले की एकही होत नाही, याचे मला गेली कित्येक वर्षे वैषम्य वाटत आले आहे. म्हणून आधी जुनापाणी काय आहे ते सांगतो.

नागपूरहून काटोलच्या रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर जुनापाणी लागते. तिथल्या माळावर आणि आसपास काळ्या दगडांची मोठमोठी वर्तुळे आहेत. जुन्या मोजणीप्रमाणे सुमारे तीनशे. माणसाला एकट्याने हलवता येणार नाहीत असे दगड एकाशेजारी एक मांडलेले. मधली जागा माती आणि दगडगोटे यांनी भरून उंच केलेली. त्या भरावाखाली मृताच्या अस्थी, त्याच्यासाठी ठेवलेली काळी-तांबडी भांडी, लोखंडाची हत्यारे, तांब्याच्या वस्तू. जुनापाणी हे एकच ठिकाण नव्हे. टाकळघाट, खापा, माहुरझरी, नैकुंड, भागीमोहारी, हिंगण्याजवळचे रायपूर, अशी गावांची माळच नागपूरच्या भोवती आहे. काळ म्हणाल तर इसवी सनापूर्वीच्या आठव्या-सातव्या शतकाच्या आसपासचा. म्हणजे सातवाहनांचे नाव कोणी ऐकले नव्हते तेव्हाचा.

आता ही वर्तुळे कोणाची? माझे भांडण या प्रश्नापासूनच सुरू होते. कारण ज्याने ज्याने तो विचारला, त्याला उत्तर म्हणून स्वतःच्याच मनातले काहीतरी सापडले.

खेड्यातल्या माणसाने ती गवळी राजांची म्हटली. पाटावर बसून कथा ऐकणाऱ्याने पांडवांकडे बोट दाखवले. साहेब आला आणि त्याने आपल्या देशातून नावे आणली. मेडोज टेलर हा निजामाच्या राज्यात शोरापुरास अंमलदार होता. ठगाची गोष्ट लिहून गाजलेला कादंबरीकार, म्हणजे एका अर्थी माझा व्यवसायबंधू. गेल्याच्या गेल्या शतकाच्या मध्यात त्याने तिकडची अशीच थडगी उकरली, आणि त्यांना केल्टिक, ड्रुइड किंवा सिथियन अशी बिरुदे लावली. नागपुरास स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश पाद्री होता. तोही म्हणाला, सिथियन. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची वर्तुळे रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर पाहून झाल्यावर तो बोरी गावची शाळा तपासायला गेला आणि परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून मेला. शाळा तपासून परतणाऱ्या माणसाचे असे मरण मास्तराच्या मनाला चटका लावते. त्याच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. पण आदर वेगळा आणि निष्कर्ष वेगळा.

त्यानंतर रिव्हेट-कार्नाक. याने जुनापाणीचे वर्णन १८७९ साली छापले. वर्तुळातल्या काही दगडांवर त्याला वाटीएवढे, वाटीसारखे खळगे कोरलेले दिसले. तसेच खळगे युरोपातल्या जुन्या दगडांवरही आहेत. तेव्हा हे आणि ते लोक एकमेकांचे नातलग असावेत, अशी त्याच्या विचाराची धाव. वाचकहो, दगडावर दगड घासला की खळगा पडतो. तो स्कॉटलंडात पडतो तसाच काटोलच्या रस्त्यावरही पडतो. आमच्या घरातले उखळ आणि इटलीतल्या घरातले उखळ सारखे असते, म्हणून माझी आजी रोमन ठरत नाही!

साहेबाच्या या चुकीत एक चतुराई लपलेली होती. हे भव्य दगड इथल्या काळ्या माणसाने ओढले असतील हे त्याच्या मनाला पटतच नव्हते. ओढले असतील तर कोणीतरी बाहेरून आलेल्याने, शक्य तर त्याच्याच दूरच्या भाऊबंदाने. आणि गंमत अशी, की त्याच्या घरीही हेच झाले होते. इंग्लंडातले स्टोनहेंज आधी मर्लिन नावाच्या जादूगाराचे ठरले, मग रोमन लोकांचे, मग ड्रुइड पुरोहितांचे. आज तिथले संशोधक सांगतात की ते ड्रुइडांच्याही दोन हजार वर्षे आधी, त्याच भूमीत शेती-गुरे करणाऱ्या लोकांनी उभारले. म्हणजे आपल्या अंगणातल्या शेतकऱ्यावर विश्वास न ठेवण्याचा रोग केवळ आमचा नाही.

मग फावडे शिस्तीने चालू लागले. बी. के. थापर यांनी १९५४-५५ साली आमच्या खानदेशात तापीकाठी प्रकाशे येथे उत्खनन केले होते. त्याच थापरांनी १९६१-६२ साली पुराणवस्तु खात्यातर्फे जुनापाणीची वर्तुळे खणली. पुढे शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे टाकळघाट-खापा आणि १९७० ते १९७२ या काळात माहुरझरी खणली. १९७८ ते १९८० या काळात देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी नैकुंड खणले. नंतर देगलूरकर आणि गौरी लाड यांनी रायपूर खणले. या मंडळींनी कुळ विचारण्याआधी दुसरे प्रश्न विचारले: आधी कोणता दगड ठेवला? भराव कसा घातला? हाड कुठल्या दिशेला आणि भांडे कुठल्या कुशीत? असे विचारल्यावर दगड बोलू लागले.

त्यांनी सांगितले ते असे. या लोकांकडे लोखंड होते, आणि तेही उसने आणलेले नव्हे. पेंच नदीकाठच्या नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. कुऱ्हाडीचे पाते दांड्याला घट्ट बसावे म्हणून वर आडव्या लोखंडी पट्ट्या आवळण्याची त्यांची युक्ती होती. छिन्न्या होत्या, खंजीर होते, पळ्या होत्या. इतकेच काय, नखे काढायच्या नराण्यासुद्धा होत्या! तांब्याच्या भांड्यांची झाकणे अशी, की वर धरायच्या मुठीच्या जागी तांब्याचे पाखरू बसवलेले. आणि घोडा होता. मेलेल्याबरोबर घोडाही पुरला जाई, त्याच्या तोंडावर तांब्याच्या पत्र्याचे दागिने घालून. घोड्यावर बसलेला पूर्वज हवा होता ना? घ्या, हा बसला आहे अडीच हजारांवर वर्षे.

थडगी पुष्कळ, घोडे आहेत, वस्ती मात्र दिसत नाही. तेव्हा हे भटके घोडेस्वार, असे प्रथम वाटणे स्वाभाविक होते. पण टाकळघाट, नैकुंड, भागीमोहारी येथे थडग्यांच्या जवळच राहती गावेही सापडली. गोल झोपड्या, चुली, धान्याचे जळके दाणे, जनावरांची हाडे. जे भटके वाटत होते ते गावकरी निघाले. शेती करणारे, गुरे पाळणारे, लोखंड गाळणारे. माझ्या मते या साऱ्या संशोधनातला सर्वांत मोठा शोध घोड्याचा दागिना नव्हे, चूल आहे. घोड्याच्या दागिन्याचे चित्र वर्तमानपत्रात छापून येते. चुलीचे येत नाही.

इथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मेडोज टेलरने ड्रुइडांचे नाव घेतले ते आज कोणी घेत नाही. पण उकरताना त्याने थरांची जी रेखाटने काढली, कोणता थर वर आणि कोणता खाली हे जे प्रामाणिकपणे दाखवले, त्याची वाखाणणी पुढचे पंडित करीत आले. रेखाटन टिकले, बिरुद मेले. उत्खनन म्हणजे वाचता वाचता पान जाळावे लागणारी पोथी आहे. एकदा खणलेले थडगे पुन्हा खणता येत नाही. तेव्हा जो नुसते कुळ शोधण्यासाठी खणतो, तो पोथी जाळून फक्त मुखपृष्ठावरचे नाव घेऊन घरी येतो. आणि बहुधा तेही चुकीचे.

‘ते साहेबाचे झाले. आता आपण शहाणे झालो,’ असे कोणी म्हणेल. झालो का? घोड्याचे हाड दिसले की आमच्यातला एक पक्ष ताबडतोब अश्वमेधाचा मंडप घालतो. दुसरा पक्ष ‘हे आर्य नव्हेतच’ म्हणून दंड थोपटतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी जुनापाणीला जाऊन खळगे असलेल्या दगडांच्या दिशा मोजल्या, आणि त्यांचा आकाशाशी, ऋतूंशी काही संबंध असावा असे सुचवले. हे काम मोजमापाचे आहे, ‘असावा’ म्हणून केलेले आहे आणि म्हणून मानाचे आहे. पण तो ‘असावा’ वाटेत कुठेतरी गळतो, आणि चहाच्या टेबलावर पोचेपर्यंत ‘आमच्या पूर्वजांची वेधशाळा’ होते. साहेबाने तिथे आपला सिथियन बसवला; आम्ही आपला ज्योतिषी बसवतो. कुंभार, लोहार आणि शेतकरी दोघांनाही चालत नाहीत!

आणि ज्योतिषी असला तरी काय? पाऊस कधी येणार हे कळण्यासाठी आकाशाकडे पाहणारा माणूस शेतकरीच असतो. त्याला वेधशाळेच्या संचालकाची खुर्ची दिल्याने त्याचा मान वाढत नाही. आपल्याला लाज वाटत नसल्याचे समाधान तेवढे मिळते.

एक आक्षेप मात्र मला घरोघरी ऐकू येतो, आणि तो टाळून चालणार नाही. ‘अहो, ते प्रेते पुरणारे लोक. आपल्यात दहन. ते आपले कसे?’ उत्तर सोपे आहे. शतपथ ब्राह्मणात मृताच्या अस्थींवर उभारायच्या राशीचा विचार आहे. देवांच्या बाजूच्या लोकांनी ती चौकोनी करावी. असुर आणि पूर्वेकडचे लोक ती वाटोळी करतात, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे वाटोळे थडगे बांधणारे शेजारी ग्रंथकाराला ठाऊक होते. त्याने त्यांना असुरांच्या पंगतीला बसवले, एवढेच. आणि चौकोनी काय, वाटोळी काय, रास दोघांकडेही होतीच!

पुढे या. इनामगावच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली मुले सापडली; तीन हजार वर्षांपूर्वीच्या आयांनी आपली लेकरे घराबाहेर जाऊ दिली नाहीत. लिंगायत आजही पुरतात, गोसावी पुरतात. साधुसंतांना तर आपण समाधीच देतो. आमच्या अमळनेरात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची समाधी आहे; तिच्यापुढे माथा टेकताना ‘हे पुरलेले, आपले नव्हेत’ असे कोणाच्या मनात येते का? ज्यांच्यात दहन आहे, त्यांच्यातही चितेनंतर एक दगड उरतो. त्याला जीवखडा म्हणतात. दहाव्यापर्यंत मेलेल्याचा जीव म्हणून तो जपतात. आमच्या खानदेशात आखाजीला घरोघर पितरांसाठी पाण्याची घागर पुजतात, तिच्यापुढे सांजोऱ्यांचा आणि आमरसाचा नैवेद्य दाखवतात. मेलेल्या माणसाला तहान लागते आणि त्याला मडके लागते, ही जाणीव जुनापाणीच्या माणसाला होती. माझ्या आईलाही होती.

यावरून मी वंशावळ जोडत नाही. तशी जोडली तर खळग्यावरून नाते जोडणाऱ्या कार्नाकसाहेबात आणि माझ्यात फरक उरणार नाही. मी एवढेच म्हणतो की त्यांना परके म्हणायला जे कारण आपण देतो, ते आपल्याच उंबरठ्यावर खोटे ठरते. नाते सिद्ध करायची जबाबदारी माझ्यावर असेल, तर परकेपण सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावरही आहे.

आणखी एक. त्या वर्तुळांत सगळे गाव पुरलेले नाही. एवढी वर्तुळे, पण मेलेल्यांच्या मानाने ती थोडीच. म्हणजे दगड ओढणारे पुष्कळ आणि दगडाखाली मानाने निजणारा एखादा. अडीच हजार वर्षांपूर्वीसुद्धा! कादंबरीकार म्हणून मला त्या निजलेल्या घोडेस्वाराविषयी फारसे कुतूहल नाही. ज्यांनी दगड ओढले, भर उन्हात भराव घातला आणि स्वतः कुठल्याशा साध्या खड्ड्यात किंवा नुसत्या मातीत मिळून गेले, त्यांच्याविषयी आहे. वर्तुळ कोणाचे, या प्रश्नाचे खरे उत्तर तेच आहेत. त्यांची जात, भाषा, वंश काही सांगता येत नाही. पण दहा-वीस माणसांनी एका दमात जोर लावल्याशिवाय तो दगड हलत नाही, हे कोणीही सांगेल. एवढे माहीत असलेले माणूस पूर्वज व्हायला पुरे नाही काय?

आता विदर्भावर बोट ठेवून मी खानदेशाला सोडणार नाही. आमच्याकडे अशी दगडी रिंगणे मिरवायला नाहीत, पण पुरलेली माणसे आहेत. चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळ आहे. म. ना. देशपांडे यांनी १९५२ सालापासून तिथे खणले. नदीच्या पलीकडे टेकवाडे येथे त्यांना दफने सापडली. मेलेल्यासाठी भांडी ठेवलेली. प्रकाश्याच्या टेकाडात लोखंड येण्याच्या आधीचे आणि नंतरचे असे थरांवर थर आहेत. आमच्या जिल्ह्यातल्या किती घरांत हे ठाऊक आहे? आम्हाला ठाऊक आहे ती पांढरी. गावाशेजारचे पांढऱ्या मातीचे टेकाड. त्याची माती शेतात टाकली की पीक चांगले येते, म्हणून गाड्यांनी, पुढे ट्रॅक्टरांनी, टेकाडे रिकामी झाली. ती माती पांढरी का आणि कसदार का? कारण शेकडो वर्षांची चूल, राख, शेण आणि हाडे तिच्यात आहेत. आपण खत म्हणून घालतो ते आपले जुने गावच असते.

गरीब शेतकऱ्याने हे केले तर मी त्याला दोष देत नाही; त्याला कोणी सांगितले नाही. विदर्भातही तेच. वर्तुळातला काळा दगड बांधाला लागला, पायाला लागला, खडीच्या यंत्रात गेला. आणि शहर फुगले तसे माळांचे प्लॉट झाले. संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरांत बांधकाम नको आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीवाचून नको, असा कायदा २०१० पासून आहे. पण कायदा पाटीपुरता असतो. ज्या वर्तुळाला पाटी नाही, त्याला वाली नाही. आणि ज्याला आपण आपला म्हणत नाही, त्याच्यासाठी पाटी मागायला कोण जाणार? कुलीन पूर्वजाच्या हट्टाची किंमत ही अशी मोजावी लागते. वाड्याची भिंत पडली तर आपण सभा घेतो. अडीच हजार वर्षांचे थडगे खडी होऊन गेले तर आपण त्या खडीच्या रस्त्यावरून सभेला जातो.

म्हणून माझे मागणे साधे आहे. रस्ता, कालवा, वसाहत आखण्याआधी माळ पायी फिरून पाहा आणि दगड मोजा. थडगे खणाल तर शेजारचे गावही शोधा. नाहीतर आपल्याला मरण तेवढे कळेल, जगणे कळणार नाही. जे खणले त्याचा वृत्तांत ज्या गावात खणले त्या गावाच्या भाषेत त्या गावच्या शाळेत ठेवा. म. के. ढवळीकर यांनी ‘महाराष्ट्राची कुळकथा’ मराठीतच लिहिली. ती घरात असेल तर या सुटीत मुलांच्या हाती द्या. आणि आम्हां मास्तरांनी सहलीची बस एकदा तरी किल्ल्याऐवजी पांढरीच्या टेकाडाकडे वळवावी. मुलाच्या हातात एक खापर द्यावे, आणि ‘हे कोणत्या राजाचे?’ असे न विचारता ‘यात काय शिजले असेल?’ असे विचारावे.

चार दिवसांत बलिप्रतिपदा येईल. बळी हा असुरांचा राजा. त्याला पाताळात घातला. तरी मराठी घरातली बाई भावाला, नवऱ्याला ओवाळताना राज्य मागते ते बळीचे. ज्या मातीने जमिनीखाली घातलेल्या राजाला इतक्या शतकांत परका मानले नाही, तिने जमिनीखाली निजलेल्या लोहाराला, कुंभाराला आणि दगड ओढणाऱ्या गड्याला परके मानावे हे शोभत नाही. त्यांची सनद हवी असेल तर ती जुनापाणीच्या माळावर आहे. तिच्यावरचे दगड शिल्लक आहेत तोवर वाचून घ्यावी.